एम्बेकींची वकिली कशासाठी?

थाबो एम्बेकी यांनी एड्सबद्दल केवळ प्रश्न विचारले, असे त्यांचे समर्थक आजही सांगतात. कोरोनाच्या साथीनंतर तर या युक्तिवादाला नवी पालवी फुटली आहे. तज्ज्ञांवरचा विश्वास उडू लागला की जुने शंकेखोर द्रष्टे वाटू लागतात. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी प्रस्थापित वैद्यकाला चार अवघड प्रश्न विचारले, औषध कंपन्यांच्या नफेखोरीवर बोट ठेवले, जगाला गरिबीची आठवण करून दिली आणि एवढ्यासाठी पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी त्यांना खलनायक ठरवले, अशी ही मांडणी. आपल्याकडच्या पुरोगामी वर्तुळातही तिला सहानुभूती मिळते, कारण आपल्याला भावणारे सगळे तिच्यात आहे. गोऱ्यांचा अहंकार आहे, कंपन्यांची लूट आहे, एकटा उभा ठाकलेला काळा नेता आहे. सरकारी दवाखान्यात कळा देणारी बाई तेवढी नाही.

तिला या वादात परत आणायचे आहे. ती आली की समर्थकांचे बहुतेक मुद्दे आपोआप गळून पडतात.

आधी त्यांचे जे खरे आहे ते मान्य करू. एम्बेकी हे कोणी गावगन्ना भोंदू नव्हेत. १९४२ चा जन्म. वडील गोव्हन एम्बेकी रिव्होनिया खटल्यात मंडेलांबरोबर जन्मठेपेवर गेले आणि जवळजवळ दोन तपे तुरुंगात राहिले. मुलगा विशीत देशाबाहेर पडला, ससेक्स विद्यापीठात अर्थशास्त्र शिकला आणि १९९० पर्यंत परागंदा राहून चळवळीचे काम करत राहिला. त्यांच्या संशयालाही आधार होता. वर्णद्वेषी राजवटीने ‘प्रोजेक्ट कोस्ट’ नावाचा रासायनिक आणि जैविक युद्धाचा गुप्त कार्यक्रम चालवला होता. काळ्या स्त्रियांची प्रजननक्षमता रोखणाऱ्या लशीवर त्यात संशोधन झाल्याची साक्ष १९९८ मध्ये सत्य आणि समेट आयोगापुढे झाली. कार्यक्रमाचा प्रमुख डॉक्टर वाउटर बासन याच्यावरचा खटला ऑक्टोबर १९९९ मध्ये प्रिटोरियात उभा राहिला. पांढऱ्या कोटातल्या गोऱ्या माणसावर काळ्या माणसाने डोळे मिटून विश्वास ठेवावा, अशी अपेक्षा त्या देशात कोणी करू नये.

पण त्याच ऑक्टोबरच्या २८ तारखेला एम्बेकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात उभे राहिले आणि एझेडटी हे एचआयव्हीवरचे औषध आरोग्याला घातक असल्याचे मोठे शास्त्रीय वाङ्मय उपलब्ध आहे, असे म्हणाले. हे वाङ्मय कुठे पाहायचे? इंटरनेटवर, असे त्यांनी सदस्यांना सुचवले. १९९९ साल होते. देशात सुमारे ४२ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते, प्रौढांमध्ये पाचातला एक. प्रसूतिपूर्व तपासणीला येणाऱ्या बायकांमध्ये १९९० साली हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होते. २००० साली ते साडेचोवीस टक्क्यांवर गेले. आणि राष्ट्राध्यक्ष रात्री जागून संकेतस्थळे वाचत होते.

समर्थक म्हणतात, वाचले तर बिघडले काय? शंका घेणे हा तर विज्ञानाचा प्राण. मान्य, पण ती घेणारा कोण आहे यावर तिचा परिणाम ठरतो. प्रयोगशाळेतल्या संशोधकाने शंका घेतली तर तो प्रयोग करतो, चुकला तर सहकारी हसतात, संपले. राष्ट्राध्यक्षाने घेतली तर आरोग्य खात्याची फाइल थांबते. राजा बोले, दळ हाले, ही आपली म्हण शंकेलाही लागू आहे. किंबहुना शंकेला जास्तच, कारण हुकमाची तारीख असते, त्यावर सही असते, त्याला कोर्टात आव्हान देता येते. ‘साहेबांना याबद्दल खात्री नाही’ या वाक्याला काहीच नसते, आणि कारकुनापासून सचिवापर्यंत सगळे त्यानुसार हात आखडते घेतात.

हात कसे आखडले, ते नेव्हिरॅपिनच्या प्रकरणात दिसले. आईकडून बाळाला होणारी लागण रोखणारे हे औषध. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या की आईला एक गोळी द्यायची, आणि जन्मानंतर तीन दिवसांच्या आत बाळाला थोडे पातळ औषध पाजायचे. बस्स, उपचार एवढाच. युगांडात कंपाला येथे झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९९ मध्ये आले तेव्हा दिसले की एझेडटीच्या छोट्या मात्रेच्या तुलनेत लागण जवळजवळ निम्म्यावर येते. ही चाचणी आफ्रिकेत, आफ्रिकी बायकांवर झालेली होती, हे वसाहतवादाचा मुद्दा काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. जुलै २००० मध्ये बोरिंगर इंगेलहाइम या उत्पादक कंपनीने गरीब देशांना हे औषध पाच वर्षे फुकट देऊ केले.

आता समर्थकांचे चार ठरलेले मुद्दे या एका गोळीपुढे ठेवून पाहावेत. औषध महाग होते? फुकट मिळत होते. विषारी होते? एझेडटीने पंडुरोग होतो आणि नेव्हिरॅपिन दीर्घकाळ घेतल्यास यकृताला इजा होऊ शकते, हे खरेच आहे, पण इथे प्रश्न बाळंतपणात एकदा घ्यायच्या एका गोळीचा होता, आणि एप्रिल २००१ मध्ये देशाच्याच औषध नियंत्रण परिषदेने या वापरासाठी तिची नोंदणी केली. आरोग्ययंत्रणेची ताकद नव्हती? जिथे बाळंतपण करायला परिचारिका आहे तिथे एक गोळी द्यायलाही परिचारिका आहेच. परक्यांचा दबाव होता? औषध मागणारे घरचेच लोक होते.

सरकारने काय केले? नऊ प्रांतांत प्रत्येकी दोन अशी अठरा केंद्रे ‘संशोधन व प्रशिक्षणा’साठी निवडली. सरकारी रुग्णालयांतल्या बाळंतपणांपैकी जेमतेम दहावा हिस्सा त्यांच्या वाट्याला येत होता. बाकीच्या रुग्णालयांतल्या डॉक्टरांना हे औषध देण्याची मनाई होती. विकत आणून नव्हे, फुकट मिळालेलेही नाही. दरवर्षी सुमारे ७० हजार बाळांना आईकडून लागण होत होती त्या देशातली ही गोष्ट आहे. ज्या डॉक्टरला औषध माहीत आहे, समोरच्या बाईला काय झाले आहे हेही माहीत आहे, त्याने हात बांधून उभे राहायचे.

‘ट्रीटमेंट ॲक्शन कँपेन’ या संघटनेने ऑगस्ट २००१ मध्ये सरकारला कोर्टात खेचले. डिसेंबरात प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयात सरकार हरले आणि अपिलात गेले. अपील चालू असताना आरोग्यमंत्री मांटो त्शाबालाला-म्सिमांग यांना दूरचित्रवाणीवर विचारण्यात आले की कोर्टाचा निकाल तुम्ही पाळणार का. त्यांनी ‘नाही’ असे उत्तर दिले. (नंतर सारवासारव झाली, ती होतेच.) ५ जुलै २००२ रोजी देशाच्या संविधान न्यायालयाने एकमताने निकाल दिला की हे निर्बंध विनाविलंब उठवा. या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते आर्थर चॅस्कलसन. रिव्होनिया खटल्यात मंडेलांच्या आणि गोव्हन एम्बेकींच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या वकिलांपैकी एक. ज्याने बापाला फाशीच्या दोरापासून वाचवण्यासाठी वकिली केली, त्यालाच मुलाच्या सरकारला सांगावे लागले की नवजात बाळांना औषध द्या. यात साम्राज्यवादी कट कुठे शोधायचा, हे मला समर्थकांकडून समजून घ्यायला आवडेल.

वरच्या शंकेचा खाली हुकूम कसा होतो याचे आणखी एक उदाहरण नेल्स्प्रुइटचे आहे. बलात्कारित स्त्रियांना तातडीने एझेडटी मिळावे म्हणून एक स्वयंसेवी गट तिथल्या सरकारी रुग्णालयात काम करत होता, पैसे स्वतः उभे करून. प्रांताच्या आरोग्यमंत्र्यांनी त्यांना हुसकून लावायचा चंग बांधला. रॉब फेरेरा रुग्णालयाच्या अधीक्षकांनी त्यांना जागा दिली होती, म्हणून २००२ च्या सुरुवातीला बेशिस्तीचा ठपका ठेवून अधीक्षकांनाच बडतर्फ केले गेले. या बडतर्फीच्या कागदावर एम्बेकींची सही शोधत बसण्यात अर्थ नाही, तिची गरजच नव्हती. उलट ज्यांनी धीर केला त्यांची गत पाहा. गाउटेंग प्रांताचे मुख्यमंत्री म्बाझिमा शिलोवा एम्बेकींच्याच पक्षाचे. फेब्रुवारी २००२ मध्ये त्यांनी नेव्हिरॅपिन आणखी रुग्णालयांत देऊ असे जाहीर केले, तर केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी त्यांनाच खडे बोल सुनावले.

इथे समर्थक गोळी सोडून औषधांच्या किमतीकडे वळतात. बाळंतिणीची एक गोळी ठीक, पण लाखो प्रौढांना आयुष्यभर रोज द्यायची औषधे गरीब देशाने कोठून आणायची? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मुंबईहून गेले होते. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर नव्हे, तर ते बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट मान्य केले होते. त्या बळावर मुंबई सेंट्रलच्या सिप्ला कंपनीने तीन औषधे एकाच गोळीत आणली आणि फेब्रुवारी २००१ मध्ये युसूफ हमीद यांनी ती ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला माणशी वर्षाला ३५० डॉलरला आणि सरकारांना ६०० डॉलरला देऊ केली. पाश्चात्त्य कंपन्या याच उपचाराचे १० हजार डॉलरहून जास्त घेत होत्या. संस्थेचा दर धरला तर माणशी रोजचा एक डॉलरही नाही. औषध कंपन्यांची मक्तेदारी कोणी मोडली असेल तर ती या दराने मोडली, एम्बेकींच्या भाषणाने नव्हे.

आणि मक्तेदारीविरुद्धची कायदेशीर लढाईही दक्षिण आफ्रिकेने जिंकली होती. स्वस्त औषधे आयात करण्याची मुभा देणाऱ्या १९९७ च्या कायद्याविरुद्ध ३९ औषध कंपन्या कोर्टात गेल्या होत्या. एप्रिल २००१ मध्ये जगभर छीथू झाल्यावर त्यांनी दावा मागे घेतला. त्या खटल्यात सरकारच्या बाजूने कोर्टात उभी राहिली होती तीच ट्रीटमेंट ॲक्शन कँपेन, जिला पुढे औषध कंपन्यांचे हस्तक म्हणून हिणवण्यात आले. दर कोसळला, कायदा वाचला, कंपन्या माघारी गेल्या. साम्राज्यवादाशी लढणाऱ्या नेत्याने या क्षणी जहाजे भरभरून औषधे आणायला हवी होती. एम्बेकींचे सरकार स्वस्थ बसले. रुग्णांना सरसकट उपचार देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तो ऑगस्ट २००३ मध्ये, आणि गोळ्या हातात पडू लागल्या २००४ मध्ये. तिजोरी रिकामी होती म्हणाल, तर डिसेंबर १९९९ मध्ये याच सरकारने लढाऊ विमाने, युद्धनौका आणि पाणबुड्यांसाठी सुमारे ३० अब्ज रँडचे करार केले होते.

या टप्प्यावर आपल्याकडचा चलाख वाचक एक चिमटा काढेल, आणि तो चुकवून चालणार नाही. गोळी मुंबईत तयार झाली, पण भारत सरकारने ती आपल्या रुग्णांना फुकट द्यायला सुरुवात केली १ एप्रिल २००४ रोजी. महाराष्ट्रासह लागण जास्त असलेली सहा राज्ये तेव्हा निवडली गेली, मुंबईत जे. जे. रुग्णालयात केंद्र उघडले. मग एम्बेकींनाच दोष का? दोष दिल्लीलाही आहे. सांगली, कोल्हापूर, सोलापूर भागात त्या तीन वर्षांत जी माणसे औषधावाचून गेली त्यांच्या घरच्यांनी दिल्लीला जाब विचारला असता तर तो रास्तच होता. पण दिल्लीची सुस्ती आणि प्रिटोरियाचा हट्ट यांत फरक आहे. भारतात प्रौढांमधली लागण शंभरात एकाहून कमी होती, तिथे वीस. आणि दिल्लीतल्या कोणा पंतप्रधानाने या विषाणूने रोग होतो की नाही हेच तपासायला मंडळ नेमले नाही. आळशी सरकारला ढोसता येते, पण औषध हाच रोग आहे असे ज्याने मनाशी घेतले त्याला ढोसून उपयोग नसतो.

त्या मंडळाबद्दल बोलावेच लागेल. मे २००० मध्ये प्रिटोरियात राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार मंडळ बसले. त्यातले निम्म्याच्या आसपास सदस्य एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच नाकारणारे. त्यांचे अध्वर्यू पीटर ड्यूसबर्ग हे कॅलिफोर्नियातले प्राध्यापक. एप्रिलमध्ये एम्बेकींनी क्लिंटन, ब्लेअर, कोफी अन्नान यांना पत्र लिहिले आणि या नाकारणाऱ्यांचा होणारा छळ वर्णद्वेषी राजवटीतल्या मुस्कटदाबीशी नेऊन भिडवला. जुलैमध्ये डर्बनला जागतिक एड्स परिषद भरायची होती. त्याआधी पाच हजारांहून जास्त शास्त्रज्ञांनी सह्या करून एचआयव्ही हेच एड्सचे कारण असल्याचे निवेदन ‘नेचर’मध्ये छापले. हे निवेदन आमच्याकडे आले तर कचऱ्याच्या टोपलीत जाईल, असे राष्ट्राध्यक्षांच्या प्रवक्त्यांनी सांगितले. शंका हा विज्ञानाचा प्राण म्हणणाऱ्यांनी ही टोपलीही जरा पाहावी.

आता वसाहतवादाचा मुद्दा, जो आपल्याकडच्या समर्थकांना सर्वांत प्रिय आहे. एम्बेकी पाश्चात्त्य विज्ञानाच्या विरोधात आफ्रिकी स्वत्वाने उभे राहिले म्हणतात. कोणाच्या विरोधात, आणि कोणाच्या खांद्याला खांदा लावून, हे पाहिले की हे स्वत्व भलतेच विचित्र दिसते. डर्बन परिषदेचे अध्यक्ष होते हूसेन कुवाडिया, भारतीय वंशाचे, वर्णद्वेषविरोधी चळवळीत आयुष्य घातलेले बालरोगतज्ज्ञ. देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे प्रमुख होते मालेगापुरू माखोबा, काळे आफ्रिकी, नामांकित प्रतिकारशक्तितज्ज्ञ. ट्रीटमेंट ॲक्शन कँपेनचे झॅकी अख्मत स्वतः एचआयव्हीबाधित, विद्यार्थिदशेपासून वर्णद्वेषाविरुद्ध लढून तुरुंगात गेलेले, एम्बेकींच्याच पक्षाचे सदस्य. सरकारी दवाखान्यातल्या माणसाला औषध मिळत नाही तोवर मीही घेणार नाही, असे ठरवून ते वर्षानुवर्षे आजारी राहिले. २००२ मध्ये मंडेला त्यांच्या घरी गेले, औषध घ्या म्हणून त्यांना विनवले. या सगळ्यांना बाजूला सारून एम्बेकींनी कान दिला तो ड्यूसबर्ग या बर्कलेच्या गोऱ्या प्राध्यापकाला. त्यांच्या कारकिर्दीत केप टाउनच्या वस्त्यांमध्ये मथियास राथ नावाचा जर्मन जीवनसत्त्वविक्रेता ‘औषधे सोडा, माझ्या गोळ्या घ्या’ असा प्रचार करत फिरला, आणि त्याला आवरण्यासाठी सरकारने नव्हे, तर पुन्हा कार्यकर्त्यांनीच कोर्टाची पायरी चढली. निकाल लागला २००८ मध्ये.

व्हायरोडीन हे प्रकरण तर आणखी जुने. जानेवारी १९९७ मध्ये काही संशोधक थेट मंत्रिमंडळापुढे आले आणि एड्सवर रामबाण सापडल्याचा दावा केला. औषध नियंत्रण परिषदेने परवानगी नाकारली, तर तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष एम्बेकी संशोधकांच्या पाठीशी उभे राहिले. हा रामबाण म्हणजे कारखान्यात वापरले जाणारे एक द्रावक होते, यकृताला अपायकारक. दोन-तीन वर्षांनी हेच गृहस्थ एझेडटीच्या विषारीपणाबद्दल संसदेला सावध करू लागले! हे पाहिल्यावर, संशयवृत्ती हा त्यांचा मूळ स्वभाव होता, हेही मान्य करणे मला जड जाते. त्यांना औषध हवे होते, पण ते आपल्या मनासारख्या माणसाने आणलेले हवे होते.

आरोग्यमंत्रीबाईंनी एड्सवर सुचवलेल्या लसूण, बीट आणि लिंबावर जगभर विनोद झाले. २००६ च्या टोरोंटो परिषदेत दक्षिण आफ्रिकेच्या दालनात या भाज्या मांडून ठेवल्या होत्या, हे खरे. पण आपण त्यावर फार हसू नये. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीत ‘कोरोनिल’च्या कार्यक्रमाला देशाचे आरोग्यमंत्री हजर होते आणि शेजारी आपले नागपूरचे नितीन गडकरीही होते. फरक इतकाच की इथे लशीही आल्या आणि दिल्या गेल्या.

गरिबीचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण एम्बेकींचा सर्वांत भारदस्त मुद्दा तोच आहे. ९ जुलै २००० रोजी डर्बनच्या उद्घाटनात त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९५ च्या अहवालाचा आधार घेतला. जगातला सर्वांत मोठा मारेकरी म्हणजे दारिद्र्य, आणि रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत त्याला झेड ५९.५ असा सांकेतिक क्रमांकही आहे, असे त्या अहवालात म्हटले होते. सगळे काही एका विषाणूवर ढकलता येणार नाही, असे एम्बेकी म्हणाले. भाषण म्हणून ते उत्तम आहे. त्याच संध्याकाळी अकरा वर्षांचा एन्कोसी जॉन्सन बोलला. जन्मापासून एचआयव्ही घेऊन जगणारा हा मुलगा सरकारने गरोदर बायकांना एझेडटी द्यावे एवढेच मागत होता. त्याचे बोलणे संपण्याआधीच राष्ट्राध्यक्ष उठून गेल्याचे त्या वेळच्या वृत्तपत्रांनी लिहून ठेवले आहे. १ जून २००१ रोजी तो गेला.

त्याच परिषदेत न्यायमूर्ती एडविन कॅमेरॉन बोलले. ते स्वतः एचआयव्हीबाधित. आपण जिवंत आहोत ते औषध विकत घेण्याइतका पगार आहे म्हणून, असे त्यांनी सांगितले. गरिबीचा खरा संबंध हा आहे. दक्षिण आफ्रिकेतले सुखवस्तू लोक खासगी डॉक्टरांकडून औषधे घेऊन जगत होते, आणि गरिबांसाठी मात्र गरिबीवरचे भाषण होते. दारिद्र्यामुळे माणूस लवकर मरतो हे मान्य केले, तर दरिद्री माणसाला औषधाची गरज जास्त ठरते. एम्बेकींच्या तर्कात ती कमी ठरली.

आणि या तर्काची परीक्षा पुढे इतिहासानेच घेऊन टाकली. सप्टेंबर २००८ मध्ये पक्षाने एम्बेकींना पायउतार केले. बार्बरा होगन आरोग्यमंत्री झाल्या, पुढे आरोन मोत्सोआलेदी आले आणि औषधवाटपाचा जगातला सर्वांत मोठा कार्यक्रम उभा राहिला. २००५ च्या सुमारास ५४ च्या आसपास घसरलेले सरासरी आयुर्मान २०१५ पर्यंत साठीच्या पुढे गेले. या दहा वर्षांत त्या देशातली गरिबी हटली का? बेकारी संपली का? झोपडपट्ट्या गेल्या का? काहीही झाले नाही. विषाणू तोच, दारिद्र्य तेच, फक्त गोळ्या पोहोचल्या आणि माणसे जगली. हे करून दाखवले कोणाच्या राजवटीत, तर जेकब झुमा यांच्या. शाळेची पायरी फारशी न चढलेला, लागण टाळायला संभोगानंतर आंघोळ केली असे कोर्टात सांगून जगाच्या टिंगलीचा विषय झालेला, भ्रष्टाचाराने पुढे बदनाम झालेला हा माणूस. त्याला एड्सचे काही कळत नव्हते, म्हणून त्याने कळणाऱ्यांना काम करू दिले. ससेक्सच्या पदवीधराला ते जमले नाही.

एम्बेकींनी स्वतःचा बचाव २०१६ च्या मार्चमध्ये लेखी मांडला. एचआयव्हीमुळे एड्स होत नाही असे मी कधी म्हटलेच नाही, असे त्यात आहे. हे शब्दशः खरे असेल. वकिलाला शोभेल इतके काळजीपूर्वक ते नेहमीच बोलत. त्याहून गंभीर आहे दुसरा मुद्दा. २००६ च्या सरकारी मृत्युनोंदीत एचआयव्ही हे मृत्यूचे नववे कारण होते, मग आधीची आठ सोडून आम्ही नवव्यामागे का धावायचे, असे ते विचारतात. आधीच्या आठांमध्ये सर्वांत वर क्षयरोग. इन्फ्लुएंझा, न्यूमोनिया, अतिसार हेही त्यातच. एड्सचा रुग्ण मरतो तो याच रोगांनी, हे वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी सांगेल. डॉक्टर दाखल्यावर क्षय लिहीत, कारण एड्स लिहिला तर घराला कलंक लागे, विम्याचे पैसे अडत. १९९८ च्या डिसेंबरात डर्बनजवळ गुगु द्लामिनी या बाईने आपल्याला एचआयव्ही असल्याचे उघड सांगितले, तर जमावाने तिला मारहाण केली आणि त्यात ती मेली. त्या देशात दाखल्यावर हा शब्द कोण लिहील? माखोबांच्या परिषदेने २००१ मध्येच हिशेब करून दाखवले होते की आदल्या वर्षीच्या १५ ते ४९ वयोगटातल्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांच्या आसपास एड्सचे आहेत. सरकारने तो अहवाल दाबून ठेवायचा प्रयत्न केला, तो फुटला तेव्हा त्यावर तोंडसुख घेतले. लपवलेल्या मृत्यूंची नोंद पुढे करून मृत्यू झालेच नाहीत असे पंधरा वर्षांनी सिद्ध करायला निघणे, याला मराठीत चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. एड्सने मेलेले कोणी आपल्या ओळखीचे नाही, असे याच गृहस्थांनी २००३ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ला सांगितले होते.

ते ऑक्टोबर २००० मध्येच या वादातून बाजूला झाले आणि एप्रिल २००२ मध्ये मंत्रिमंडळाने एचआयव्ही हेच कारण धरून धोरण आखल्याचे जाहीर केले, असाही एक बचाव आहे. कागदोपत्री बरोबर. पण बाजूला झालेल्या नेत्याने आपली आरोग्यमंत्री शेवटच्या दिवसापर्यंत बदलली नाही, आणि तिच्या धोरणावर उघड बोलणाऱ्या उपमंत्री नोझिझ्वे माडलाला-रौटलेज यांना मात्र ऑगस्ट २००७ मध्ये काढून टाकले. त्याच वर्षी एम्बेकींनी आपले चरित्रकार मार्क गेव्हिसर यांना फोन केला आणि पक्षात २००२ साली फिरलेल्या, एड्सविज्ञानाची खिल्ली उडवणाऱ्या शंभरावर पानी दस्तऐवजाची सुधारलेली प्रत ड्रायव्हरकरवी घरपोच पाठवली. त्यांचे मत बदलले नव्हते, फक्त ते बोलून दाखवणे कमी झाले होते.

राहता राहिला आकडा. हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये हिशेब मांडला की २००० ते २००५ या काळात शक्य असलेला औषधकार्यक्रम न राबवल्यामुळे ३ लाख ३० हजारांहून जास्त माणसे मेली आणि ३५ हजार बाळे टाळता येण्याजोगी लागण घेऊन जन्मली. समर्थक म्हणतात, हे तर गणिती प्रारूप, त्यात गृहीतके आहेत, आणि बोट्स्वानाशी तुलना अन्याय्य आहे, तो हिऱ्यांवर बसलेला चिमुकला देश. बरे, बोट्स्वाना सोडा. तिथे राष्ट्राध्यक्ष फेस्टस मोगाए यांनी २००२ पासून फुकट औषधे सुरू केली आणि २००५ पर्यंत गरजूंपैकी ८५ टक्क्यांना ती मिळत होती, हेही विसरा. शेजारचा नामिबिया घ्या, तिथे ७१ टक्के. दक्षिण आफ्रिकेत २३. नामिबियाही नको? मग देशाबाहेर जायचेच कारण नाही. वेस्टर्न केप प्रांताने केंद्राला न जुमानता १९९९ मध्येच खायेलित्शाच्या वस्तीत गरोदर बायकांना एझेडटी द्यायला सुरुवात केली होती. सगळ्या देशाने या एका प्रांताच्या गतीने औषधे दिली असती तर काय झाले असते, हे केप टाउन विद्यापीठाच्या निकोली नॅट्रास यांनी मोजले. त्यांचा आकडा ३ लाख ४३ हजार मृत्यूंचा आला. पद्धत वेगळी, तुलना वेगळी, काळही थोडा वेगळा, उत्तर जवळजवळ तेच.

तरीही गृहीतकांवर विश्वास नसेल तर आकडा निम्मा करा. १ लाख ६५ हजार उरतील. प्रारूप फारच कच्चे वाटत असेल तर दहावा हिस्सा धरा, ३३ हजार. कोणत्या आकड्याला पोहोचल्यावर त्यांचे नेते केवळ प्रश्न विचारणारे ठरतात, तो एम्बेकींच्या वकिलांनी एकदा सांगावा, म्हणजे वाद तिथून पुढे चालवता येईल.